रा. चिं. ढेरे कुठून वाचायला सुरुवात करू? घरात विठ्ठलावरून वाद चाललाय

खाडीकाठ_घणसोली

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या. आमचं घर घणसोलीचं, म्हणजे सेक्टरमधलं नाही, जुन्या गावठाणातलं. बाबा माळकरी. रिटायर झाल्यापासून आषाढीला आळंदीहून दिंडीबरोबर चालत जातात, एकादशी कधी मोडत नाहीत, मच्छी तर कधीचीच सोडली (आगरी घरात हे सोपं नाही, आईला आजही दोन चुली सांभाळल्यासारखा स्वयंपाक करावा लागतो). आणि धाकटा भाऊ मराठी घेऊन एमए करतोय. परवा जेवताना तो बोलून गेला की रा. चिं. ढेरे म्हणून मोठे संशोधक होऊन गेले, त्यांनी सिद्ध केलंय की विठ्ठल हा मुळात धनगरांचा देव, तुमची वारी-बिरी सगळी नंतरची. बाबा काही बोलले नाहीत, अर्ध्या ताटावरून उठले. त्या दिवसापासून दोघांत कामापुरतंच बोलणं आहे आणि मधल्या मधे मी.

मी बीकॉम, वाचन म्हणजे पेपर आणि थोड्या कादंबऱ्या. पण हा ढेरे माणूस कोण, त्यांनी नक्की काय लिहिलंय हे मला स्वतः वाचून बघायचंय, भावाच्या तोंडून ऐकून नाही. बाबांना ते पुस्तक दिलं तर चालेल का की आगीत तेल?

अजून एक. माझी आत्या धवलारीण आहे, म्हणजे लग्नाच्या विधींची गाणी, धवले, म्हणणारी, आमच्याकडे लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत सगळं तिच्या धवल्यांवर चालतं. वय झालंय तिचं. तिच्याकडचं काही लिहून ठेवावं असं फार मनात आहे, तर ढेऱ्यांच्या पुस्तकांचा त्यात काही उपयोग होईल का? की ते फक्त मोठ्या देवांवर लिहायचे?

मासुंदा

तुमच्या भावाने खोटं सांगितलं नाही, पण अर्धंच सांगितलं, आणि अर्धं सांगितलं की असंच होतं.

आधी माणूस कोण ते. रामचंद्र चिंतामण ढेरे, जन्म २१ जुलै १९३०, मावळातल्या निगडे गावचा. आईवडील लहानपणीच गेले, आजीने आणि मामाने वाढवलं. पुढे पुण्यात आले तेही गरिबीतच, पडेल ते काम करत रात्रशाळेत शिकले. विद्यापीठाच्या खुर्चीत बसून आरामात संशोधन करणारा माणूस नव्हे. आणि तरी 'दत्त संप्रदायाचा इतिहास' १९५८ चा आहे, म्हणजे तेव्हा वय अठ्ठावीस! पुढच्याच वर्षी नाथ संप्रदायाचा इतिहास, मग १९६१ ला खंडोबावरचं पुस्तक. पुस्तकं, पोथ्या, हस्तलिखितं जमवण्याचा नाद असा की पुण्यातलं त्यांचं घर म्हणजे ग्रंथालयच झालं होतं आणि देशोदेशीचे अभ्यासक तिथे येऊन बसायचे. १ जुलै २०१६ ला गेले. कवयित्री अरुणा ढेरे त्यांच्या कन्या, २०१९ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या त्या.

आता विठ्ठल. पुस्तकाचं नाव 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय', १९८४ चं, १९८७ ला साहित्य अकादमी मिळालं. ॲन फेल्डहाउस बाईंनी इंग्रजीत भाषांतर केलंय, ते २०११ ला ऑक्सफर्डने काढलं. ढेरे म्हणतात की दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकात धनगर-कुरुबांमध्ये विठ्ठल आणि बिरोबा अशी देवांची जोडी पुजली जाते, तिथून पंढरीच्या देवाचा माग लागतो. हे काही हवेतलं नाही, आजही बघता येतं. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, मी एकदा गेलोय. भंडारा इतका उधळतात की माणसं, छत्र्या, रस्ता, घरांची पत्र्याची छपरं सगळं पिवळंधमक होतं, ढोलांचा आवाज छातीत घुमतो आणि फरांडेबाबा भाकणूक सांगतात, पाऊस कसा पडेल, पिकं कशी येतील. तिथे नाव विठ्ठलाचंच घेतात, पण आपल्या ओळखीची एकही खूण नाही, ना टाळ, ना तुळस, ना अभंग. उभा राहून बघताना अंगावर काटा आला होता माझ्या. ढेऱ्यांनी असं जिवंत असलेलं काहीतरी धरलं आणि मग तिथून पुराणातली माहात्म्यं, शिलालेख, संतांचे अभंग, ओव्या असं सगळं समोरासमोर ठेवून तपासलं. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात येते आणि कृष्ण गाई-गोपाळ घेऊन तिला शोधत मागे येतो, ही कथा बाबांनी कीर्तनात शंभरदा ऐकली असेल. ढेरे त्याच कथेत गवळी-धनगरांची पावलं दाखवतात. तिरुपतीच्या व्यंकटेशाचीही बायको रुसून कोल्हापूरला येते ना, त्या दोन कथा शेजारी ठेवून ते असं काही उलगडतात की पुस्तक खाली ठेववत नाही.

पण हे झालं एक टोक. भाऊ तिथेच थांबला. पुस्तकाचा मोठा भाग या देवाकडे पुढे कोण कोण आलं यावर आहे. यादव आले, होयसळ आले (१२३७ चा सोमेश्वराचा शिलालेख आहे पंढरपुराबद्दल), माहात्म्य लिहिणारे पंडित आले, 'कानडा हो विठ्ठलु' म्हणणारे ज्ञानदेव आले, नामदेव, चोखोबा, जनाबाई आल्या. शैव आले, संतांनी त्याला बौद्धही म्हटलं, जुन्या पंचांगांच्या चित्रांत नवव्या अवतारात बुद्धाच्या जागी विठ्ठल उभा असतो तो त्यामुळेच. सगळ्यांना हा देव आपला वाटला आणि त्याने कुणालाच परत पाठवलं नाही, हे ढेऱ्यांचं म्हणणं आहे. यात वारी 'नंतरची' म्हणून कमी होते असं ते कुठेही म्हणत नाहीत, उलट संतांनी या देवाचं काय केलं ते लिहिताना त्यांची भाषाच बदलते.

बाबांशी बोलायचं तर थेट पुस्तक हातात देऊ नका. पंढरपूरच्या देवळातल्या चौऱ्यांशीच्या शिलालेखाबद्दल विचारा. चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून लोक त्या दगडाला पाठ घासतात, बाबांनीही टेकवली असेल. तो दगड म्हणजे १२७३ ते १२७७ या काळात देवळाला कुणी काय दान दिलं त्याची यादी आहे, रामदेवराव यादव आणि हेमाडपंताची नावं आहेत त्यात. ज्या दगडाला आपली पाठ लागली त्यावर साडेसातशे वर्षांपूर्वीच्या भक्तांची नावं आहेत म्हटल्यावर कुठला वारकरी उठून जाईल सांगा. तिथून सुरू करा, धनगरांपर्यंत बाबा आपणच येतील.

तुळशीमाळ_कामोठे

मी स्वतः वारकरी घरातला, चार पिढ्यांची वारी आहे, त्यामुळे तुमच्या बाबांच्या बाजूने दोन शब्द. वरच्या दादांनी छान लिहिलंय पण त्रास कुठे होतो ते मी सांगतो. धनगरांचा देव म्हटल्याने आम्हाला काही होत नाही, आमच्या दिंडीत धनगर बांधव पुढे असतात, वाटेत मेंढरांचं रिंगण लागतं तेव्हा डोळ्यात पाणी येतं. त्रास झाला तो माढ्याच्या मूर्तीवरून. अफजलखानाच्या वेळी पंढरीची मूर्ती माढ्याला नेऊन लपवली होती असं परंपरा सांगते. ढेऱ्यांनी असं मांडलं की जुन्या पांडुरंगमाहात्म्यात मूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरं असल्याचं वर्णन आहे, ती अक्षरं माढ्याच्या मूर्तीवर दिसतात, तेव्हा मूळ मूर्ती माढ्यालाच राहिली. आता विचार करा, माझे आजोबा अठरा तास बारीत उभे राहून ज्या पायांवर डोकं ठेवत आले त्यांना कुणी सांगायचं की ते पाय दुसरे आहेत? मोठा वाद झाला होता त्यावर आणि माझ्या मते तो व्हायलाच हवा होता. एका ग्रंथातलं वर्णन आणि एका मूर्तीवरची अक्षरं जुळली म्हणून एवढा मोठा निकाल देता येतो का, हा प्रश्न मला आजही पडतो. ग्रंथ बघून कुणी नंतर तशी मूर्ती घडवली असेल ही शक्यता राहतेच ना.

पण हे सगळं मी पुस्तक पूर्ण वाचून बोलतोय, आणि वाचलं नसतं तर माझं फार नुकसान झालं असतं. ढेरे वाचल्यावर मी पंढरपुरात वेगळा फिरायला लागलो. पुंडलिकाच्या देवळात आत शिवलिंग आहे हे मी लहानपणापासून बघत होतो, असं का हे कधी विचारलंच नव्हतं. गोपाळपूरला काला का होतो, काल्यात दही-लाह्याच का, या गोष्टी आपण सवयीने करतो. ढेरे प्रत्येक ठिकाणी हात धरून थांबवतात आणि म्हणतात हे नीट बघ. म्हणून बाबांना म्हणावं खुशाल वाचा, पेन्सिल घेऊन वाचा, पटलं नाही तिथे समासात भांडा. भावाला पण एक निरोप, "सिद्ध केलंय" असं म्हणू नकोस रे बाबा, ते पुरावे मांडून आपलं मत सांगतात, आणि मतावर बोलता येतं. जय हरी.

ओवी_ऐरोली

दोघांनीही विठ्ठलावरच लिहिलं म्हणून मी आत्याकडे वळते, कारण माझ्या मते प्रश्नातला तो भाग जास्त तातडीचा आहे. पुस्तक पुढच्या वर्षीही मिळेल.

ढेरे फक्त मोठ्या देवांवर लिहायचे का? अजिबात नाही. त्यांचं 'लोकसंस्कृतीचे उपासक' (१९६४) बघा, त्यात वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, पोतराज असे दारोदार फिरणारे लोक आहेत, त्यांचा वेष, त्यांची गाणी, त्यांचं दैवत. आकाराने लहान आहे, पहिल्यांदा वाचणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, 'श्रीविठ्ठल' एकदम घेतलं तर संदर्भांच्या गर्दीत दमछाक होईल. नंतर 'लज्जागौरी' (१९७८). हे पुस्तक मी लग्नानंतर वाचलं आणि माहेरच्या-सासरच्या सगळ्या देव्यांकडे बघायची नजर बदलली. शीर नसलेली, प्रसूतीच्या अवस्थेत बसलेली देवी, तिच्या मूर्ती खूप ठिकाणी सापडतात, लोकांना ओशाळल्यासारखं होतं आणि झाकून ठेवतात. ढेरे तिला आई म्हणून बघतात, जमीन म्हणून बघतात. माहूरच्या रेणुकेचा फक्त मुखवटा पुजतात, धड नाही, आणि इकडे धड आहे तर शीर नाही, हे त्यांनी एकत्र ठेवून बघितलं. वारूळ हे देवीचं रूप कसं, गोव्यात सांतेरीच्या देवळात गाभाऱ्यात वारूळच का असतं, हे सगळं त्यात येतं. नागपंचमीला आमची आजी वारुळाला हळद-कुंकू वाहायची ते मला तोवर नुसतं नागासाठी वाटायचं. एका पुरुषाने त्या काळात बाईच्या शरीराबद्दल इतक्या आदराने लिहिलं याचं मला फार अप्रूप आहे.

पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगते, आत्याच्या धवल्यांसाठी ढेऱ्यांपेक्षा सरोजिनी बाबर जास्त कामाच्या. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या त्या, १९२० चा जन्म. राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी खेड्यापाड्यातून बायकांच्या ओव्या, उखाणे, खेळ, सणवार, कहाण्या गोळा करून खंडच्या खंड काढले. दूरदर्शनवर शांता शेळक्यांबरोबर 'रानजाई' करायच्या ते माझी आई अजून आठवणीने सांगते, दोघी साध्या बसून बोलायच्या आणि मधेच ओवी म्हणायच्या. ढेरे देव का असा आहे ते शोधतात, बाबर बाईंनी बाई काय गाते ते आधी उतरवून घेतलं. दुर्गा भागवतांचं 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) पण आहे, ते शास्त्र म्हणून वाचायचं, थोडं जड आहे. आणि जात्यावरच्या ओव्या प्रत्यक्ष ऐकायच्या असतील तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर त्यातल्या कितीतरी आवाजासकट ऐकता येतात. आत्याला त्या ऐकवा! दुसरी बाई गाते म्हटल्यावर त्यांना आपोआप आठवायला लागेल, मी माझ्या मावशीबरोबर हे केलंय.

खाडीकाठ_घणसोली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. चौऱ्यांशीच्या दगडाचं आज बाबांना विचारलं, म्हणाले हो तर, आणि अर्धा तास बोलत होते, भाऊ पण दारात उभा राहून ऐकत होता.

आता आत्याबद्दल. ती मांडवात देवांना आवतण देते तेव्हा एकवीरा, जेजुरीचा खंडोबा, गावदेवी, बापदेव अशी नावं ओळीने घेते, आणि काही नावं अशी येतात की ती कुठली जागा ते तिलाही सांगता येत नाही. शिवाय तिच्या माहेरच्या गावात गावदेवीशेजारी एक उभा दगड आहे, शेंदूर लावलेला, वर चंद्र-सूर्य आणि खाली काहीतरी जनावर दिसतं. आत्या त्यालाही देवीच म्हणते आणि त्याचंही नाव गाण्यात येतं. हे काय असेल?

शेंदूर_आणि_शिळा

वर्णनावरून गधेगाळ वाटतोय. ठाणे-रायगड पट्ट्यात हे दगड बरेच आहेत, शिलाहार आणि यादव काळातले. राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन दान दिली की असा दगड उभा करायचे, वर चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर दान चालावं, मधे लेख, आणि खाली गाढव आणि स्त्री कोरलेली, जो हे दान मोडेल त्याच्या आईला उद्देशून दिलेली ती शिवी आहे, उघडवाघडच. सगळ्यांवर लेख असतोच असं नाही. शेकडो वर्षांत अक्षरं कुणाला वाचता येईनात, दगड मात्र गावाच्या सीमेवर उभा, मग कुणीतरी शेंदूर लावला आणि शापाच्या दगडाची देवी झाली. अशा कितीतरी शिळा गावदेवीच्या पारावर पुजल्या जातात.

कृपा करून शेंदूर खरवडू नका, कुणाला खरवडू देऊ नका. लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि दगडही खराब होतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर तिरपा उजेड पडतो तेव्हा मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा, कोरीव काम उठून दिसतं. जमलं तर शेजारी पट्टी धरा म्हणजे उंची कळेल. मधल्या भागात अक्षरांच्या ओळी दिसल्या तर शिलालेख वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवा. आणि हे लवकर करा, कारण नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ला आली आणि ९५ गावांची जमीन गेली तेव्हापासून रस्ते, नोड, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेले साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आणि आता देवळांचे जीर्णोद्धार या सगळ्यात किती जुन्या शिळा उचलून कुठे टाकल्या गेल्या त्याचा पत्ता नाही. नवीन देऊळ ग्रॅनाइटचं होतं, जुनी शिळा मागच्या गटाराशेजारी. फार वाईट वाटतं बघून.

एकवीरेबद्दल वाचायचं असेल तर ढेऱ्यांबरोबर दा. ध. कोसंबी घ्या, 'मिथ अँड रिॲलिटी', १९६२ चं. कार्ल्याला बौद्ध चैत्याच्या तोंडाशी देवीचं ठाणं कसं, मुंबईचे कोळी इतक्या लांब घाट चढून तिथेच का जातात, हे प्रश्न त्यांनी घातले. ते पायी फिरून व्यापाराच्या जुन्या वाटा आणि देवींची ठाणी यांचा मेळ लावायचे. ढेरे ग्रंथ आणि लोककथा यांच्या बाजूने येतात. धनगरांच्या देवांवर गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्य घातलं, तो माळावर धनगरांबरोबर राहायचा. या तिघांना एकत्र वाचलं की आपल्या गावदेवीकडे कसं बघायचं याची दिशा मिळते. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात (१८९३ ची संस्था आहे) जाऊन विचारा, ढेऱ्यांची बरीच पुस्तकं पद्मगंधा प्रकाशनाने पुन्हा काढली आहेत, ती विकतही मिळतात.

आता आत्यांचं रेकॉर्डिंग. घरात बसवून "म्हण" असं सांगितलं की धवला तुटक येतो, क्रम चुकतो, त्या अर्ध्यावर थांबतात. खऱ्या लग्नात मांडवाच्या दिवसापासून फोन त्यांच्याजवळ ठेवा, लग्नघरच्यांना आधी विचारून. गाणं चालू असताना कुठला विधी चाललाय, कोण काय हातात घेतंय, हे तुम्ही हळू आवाजात बोलून त्याच रेकॉर्डिंगमध्ये घाला, नाहीतर वर्षभराने नुसती गाणी उरतील आणि कुठलं कशाचं ते कळणार नाही. मागून झेल धरणाऱ्या बायका कोण, कुठल्या गावच्या, तेही. लिहून काढताना आत्या जसं म्हणतात तसंच लिहा, पुस्तकी मराठी करू नका, एक अक्षरही सुधारू नका. आणि त्या आवतणात जी नावं कुणालाच कळत नाहीत ना, ती सगळ्यात आधी लिहा, सगळ्यात मौल्यवान तीच आहेत. एखादं नाव बुजवलेल्या तळ्याचं असेल, एखादं खाडीतल्या बांधाचं, एखादं अशा गावच्या देवीचं जिथे आज टॉवर उभा आहे. गावातल्या दोन-तीन जुन्या माणसांना, मिठागरात काम केलेल्यांना, ती नावं एकेक करून विचारा. वारीवरून आल्यावर तुमच्या बाबांनाही विचारा, गावकीच्या जुन्या बैठकांना बसलेले असतील तर त्यांना निम्मी तरी माहीत असतील, आणि लिहून घ्यायला भावाला बसवा.